जळालेली स्पोर्ट्‌स कार : आधी धातू तपासा

आगीत होरपळलेली स्पोर्ट्‌स कार घरच्या घरी पुन्हा उभी करायची की नाही, हे काळवंडलेल्या रंगावरून ठरवू नये. धातू किती तापला होता, यावरून ठरवावं. त्याच्या खुणा गाडीतच असतात. जस्ताच्या मिश्रधातूचा कार्ब्युरेटर सुमारे 380 अंश सेल्सिअसला वितळू लागतो, शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना. इंजिनाखाली ॲल्युमिनियमचे गोठलेले ओघळ दिसले, तर लगतच्या स्प्रिंगांचं पाणी उतरलंच म्हणून समजा. जुन्या कॉर्व्हेटची फायबरग्लासची बॉडी जळून गेली, तरी खालची पोलादी चौकट, मापं बरोबर भरली तर, वाचू शकते. 1996 साली आलेल्या लोटस एलिसचं तसं नाही. तिची ॲल्युमिनियमची चौकट इपॉक्सीनं चिकटवलेली असते, आणि ते इपॉक्सी धातू वितळण्याच्या कितीतरी आधी दम सोडतं. ‘चौकट सरळ तर दिसते!’ असं कुणी म्हणेल. पण सरळपणा हा आकाराचा पुरावा, ताकदीचा नव्हे. सांध्याला आच लागली असेल, तर चौकट बदलावीच. हौसेची मेहनत वायरिंग, सीट आणि रंगावर खर्च करावी. आणि हो, जळक्या सीलना उघड्या हातानं शिवू नका. फ्लुओरीनयुक्त रबर जळून हायड्रोफ्लुओरिक आम्ल उरलेलं असू शकतं, आणि ते कातडीतून थेट आत मुरतं.