अन्नाचे वावडे : खरे आणि मानलेले
(वार्षिक सर्वसाधारण सभेत बालरोग विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



विभागाच्या वर्षभरातील कामाचा तक्ता अहवालात अन्यत्र दिलेला आहे. त्याची पुनरुक्ती न करता, बाह्यरुग्ण विभागात आम्हांला वारंवार अस्वस्थ करणाऱ्या एका विषयाकडे आपले लक्ष वेधावे असे आम्ही ठरविले आहे. तो विषय म्हणजे अन्नाची ॲलर्जी.

आपल्या भाषेत यासाठी ‘वावडे’ हा नेमका शब्द आहे. पण घरोघरी तो फार सैलपणे वापरला जातो. वांग्याने घसा खवखवला, दुधाने पोट गुबारले, डाळीने वात धरला, की झाले वावडे! वैद्यकशास्त्रात ॲलर्जी म्हणजे शरीराच्या संरक्षणयंत्रणेने अन्नातील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजणे. तिच्या नेहमीच्या प्रकारात रक्तातील ‘आयजीई’ नावाचे प्रतिद्रव्य कारणीभूत असते आणि लक्षणे खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोनएक तासांत दिसतात. दुधातील साखर न पचणे ही अगदी वेगळी गोष्ट होय. त्यात त्रास होतो, जीव जात नाही, आणि दही-ताक बहुधा सोसते.

गेल्या वर्षी एक आई आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या कोपराच्या व गुडघ्याच्या खळग्यांत इसब होता. कोणाच्या तरी सल्ल्याने रक्ताची तपासणी झाली आणि हाती आलेल्या लांबलचक यादीत गहू, दूध, अंडे, शेंगदाणा, तूरडाळ, केळे यांपुढे खुणा होत्या. त्या माउलीने सात महिने मुलीला पेज, बटाटा आणि दुधी भोपळा यांवर ठेवले होते. इसब होता तसाच राहिला. वजन मात्र सात महिन्यांत वाढलेच नव्हते. ही तपासणी होण्यापूर्वी मुलगी काय खात होती, असे आम्ही विचारले. “सगळं खायची हो डॉक्टर,” आई म्हणाली. मग थोडे थांबून तिने सांगितले की दोनदा काजूकतली दिली तेव्हा दोन्ही वेळा पाच-दहा मिनिटांत ओठ सुजले आणि उलट्या झाल्या. हा एक प्रश्न आधी विचारला गेला असता, तर ते सात महिने वाचले असते.

रक्तात प्रतिद्रव्य सापडणे आणि ॲलर्जी असणे यांत मोठे अंतर आहे. कर्नाटकातील प्रौढांच्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिद्रव्य आढळले. पण लक्षणांशी मेळ घालून पाहता संभाव्य ॲलर्जी केवळ १.२ टक्के लोकांत निघाली. म्हणून केवळ अहवालावरून पथ्य सांगणे आम्ही चूक मानतो. ‘आयजीजी’ प्रतिद्रव्यांच्या महागड्या तपासण्यांचा तर निदानाला काहीच उपयोग नाही. ते प्रतिद्रव्य आपण ते अन्न खातो एवढेच सांगते.

संशय उरलाच, तर निर्णायक मार्ग म्हणजे रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ खाऊ घालणे. अत्यल्प मात्रेपासून आरंभ करून दर वीस-तीस मिनिटांनी ती वाढवीत न्यावयाची, इंजेक्शन हाताशी ठेवावयाचे आणि शेवटच्या घासानंतर काही तास रुग्णाला थांबवून घ्यावयाचे. काम कंटाळवाणे आहे आणि एक खाट पूर्ण सकाळ अडते. दीर्घ पथ्यानंतर तर ते घरी करूच नये, कारण पूर्वी सोसणारे अन्नही क्वचित बाधू शकते. त्या मुलीला आम्ही याच रीतीने एकेक अन्न परत दिले. काजू मात्र वर्ज्य राहिला, आणि त्याचा निकटचा भाऊबंद म्हणून पिस्ताही. इसबावर त्वचेचे साधे, नियमित उपचार चालू आहेत.

आता याच्या उलट चूक. खऱ्या ॲलर्जीला आपल्याकडे ‘अंगावर पित्त उठले’ म्हणतात आणि आमसुलाचे पाणी चोळतात. नुसत्या गांध्यांपुरते त्यात बिघडत नाही. परंतु आवाज बसणे, खोकला, धाप, वारंवार उलट्या, ग्लानी यांपैकी काही सोबत दिसले तर वेळ दवडण्याची सोय नाही. हे इतरत्रच घडते असेही नाही. कोळंबी खाऊन धापा टाकीत आलेल्या एका तरुणाला आमच्याच तातडी विभागात आधी ॲलर्जीविरोधी औषध आणि स्टेरॉइड दिले गेले. ॲड्रेनालिन बारा मिनिटांनी मिळाले. तो बचावला, हे आमचे दैव. पहिले औषध ॲड्रेनालिनच. मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम असलेले द्रावण, वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, लहान मुलांत कमाल ०.३ व प्रौढांत ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत. गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला उभे करू नये, चालवू नये. आज हा तक्ता, कुपी आणि सुई प्रत्येक कक्षात एकाच पेटीत आहेत.

प्रौढांत कोळंबी, खेकडे यांची ॲलर्जी मोठेपणीही उद्भवते, आणि ती टिकते. यातील मुख्य प्रथिन शिजविल्याने नष्ट होत नाही. जवळ्याची चटणीही तितकीच घातक. येथे एक सावधगिरी हवी. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन साठते आणि पंगतीतील अनेकांचे चेहरे एकदम लाल होतात. ती विषबाधा असते. अशा माणसाला आयुष्यभर मासे तोडण्याचे कारण नाही.

लहान मुलांच्या गायीच्या दुधाच्या ॲलर्जीवर शेळीचे दूध हा उतारा सर्रास सांगितला जातो. दोहोंतील प्रथिने इतकी सारखी आहेत की बहुतेक मुलांना तेही बाधते. दूध व अंड्याची ॲलर्जी बहुतांश मुलांत वयाबरोबर ओसरते, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा तपासणी हवी. शेंगदाण्याच्या बाबतीत तर जुना सल्लाच उलटला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बालके होती. ज्यांना शेंगदाणा वर्ज्य ठेवला त्यांपैकी १७.२ टक्के मुलांना पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी होती. ज्यांना लहानपणापासून नियमित दिला त्यांत ३.२ टक्के. उष्टावणानंतर पेजेत बारीक वाटलेले दाण्याचे कूट देणाऱ्या आज्या चुकत नव्हत्या, असे म्हणावयास हरकत नाही. अख्खा दाणा मात्र लहानग्यांना देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. तीव्र इसब असलेल्या बाळाला आधी आमच्याकडे आणावे.

वेष्टनावर ॲलर्जीकारक घटक छापण्याचा नियम आपल्याकडे २०२० मध्ये झाला. त्यात दूध, अंडे, मासे, शेंगदाणा, सोयाबीन इत्यादी आहेत, तीळ नाही. ज्या प्रांतात संक्रांतीला शाळेत घरोघरचे तिळगूळ वाटले जातात, तेथे ही उणीव पालकांनीच भरून काढावी लागते.

विश्वस्तांपाशी आमच्या दोन मागण्या आहेत. आठवड्यातून एक सकाळ दोन खाटा केवळ अन्न-चाचणीसाठी राखून ठेवाव्यात. आणि परिसरातील शाळांच्या शिक्षकांना इंजेक्शन देण्याचे प्रशिक्षण आमच्या परिचारिकांनी द्यावे, त्यासाठी त्यांना कामाचे तास मिळावेत. आपोआप टोचणारी परदेशी लेखणी आपल्याकडे सर्वत्र सहज मिळत नाही. कुपी मात्र अल्प किमतीची आहे. ती वापरण्याचा सराव तेवढा हवा.

पालकांनी येताना जुने सर्व अहवाल आणावेत. त्याहूनही अगत्याने, काय खाल्ले, किती वेळाने काय झाले आणि तोच पदार्थ पूर्वी सोसला होता काय, हे कागदावर लिहून आणावे. त्वचेवरील चाचणी करावयाची असल्यास खाजेच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात. मात्र त्या आम्हांला विचारूनच थांबवाव्यात.