झोळीच्या गाठी

बायांनो, कर्जत-खालापुरात भाताची लावणी जोरात आहे, तुम्ही दमूनभागून आला असाल, म्हणून एकच गोष्ट सांगते. गर्भाशयाची पिशवी काढली म्हणजे अंग बाहेर यायचं मिटलं, असं धरून बसू नका.

परवा कशेळ्याकडच्या एका वाडीत एक ताई भेटल्या. लाकडाची मोळी उतरवली, पदराने मान पुसली आणि हळूच म्हणाल्या, "बाई, खाली गोळ्यासारखं लागतंय. पिशवी काढून नऊ वर्षं झाली, मग हे कुठलं?"

वाशाला बांधलेली बाळाची झोळी आठवा. कापड म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, दोऱ्या म्हणजे पिशवीला धरणारे बंध. पिशवी काढताना त्या दोऱ्या तोडाव्या लागतात. मग योनीमार्गाचं वरचं टोक त्यांनाच पुन्हा बांधायचं असतं. गाठ सैल राहिली, तर कित्येक वर्षांनीही ते टोक खाली उतरतं. म्हणून ऑपरेशनआधीच विचारा, "डॉक्टर, वरचं टोक बांधून घेणार ना?" यात लाज कसली? आणि त्याहीआधी विचारा, पिशवी काढायलाच हवी का? बीडमध्ये २०१९ साली ऊसतोडणीच्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीजणी पुन्हा उसाच्या मोळ्याच उचलायला गेल्या असतील!

गाठ पक्की असली तरी झोळीत भाताचं पोतं टाकलं तर कापड ताणणारच. तुमचं पोतं म्हणजे पाण्याचा हंडा, मोळी, वीटभट्टीवरचा भार. शौचाला कुंथणं आणि चुलीच्या धुरातला जुना खोकला, हेही पोतंच. ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे जड उचलू नका. सासूबाईंनो, हे तुम्हालाही सांगतेय! तेवढे दिवस हंडा घरातल्या पुरुषांनी आणावा. खोकल्याला औषध घ्या, पाणी भरपूर प्या, पालेभाजी खा.

आता कापड घट्ट ठेवायचा व्यायाम. डॉक्टरांनी सुरू करा म्हटलं की करायचा. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवतो तसं आतून आवळा, पाच आकडे धरा, पाच आकडे सोडा. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या ताणायच्या नाहीत. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाकरी थापताना करा, एसटीची वाट बघताना करा, कोणाला कळणारही नाही. लघवी करताना मात्र ही सवय लावू नका. चार दिवसांत फरक दिसत नाही, तीन महिने तरी नेमाने करावा लागतो.

पुन्हा सांगते, पिशवी नाही म्हणून झोळी नाही असं नव्हे. झोळी तिथेच आहे, मूत्राशय आणि आतडी तिच्याच आधाराने आहेत.

ज्यांना आधीच काही खाली आल्यासारखं वाटतं, त्यांनी लपवू नका. आत बसवायची रिंग मिळते, ऑपरेशनही होतं. कोणाला कुठलं लागू पडतं, ते असं की... स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण झाली, वेळ संपली. पण अंगावर काढू नका गं, दवाखान्यात तपासायला या.