आजोबांना गावी पाठवा!
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी बजावलं आहे की, "तू मुलांसाठी लिहितेस, तेव्हा हलकंफुलकं बोल." जमेल तितकं बोलते.

पंचवीस वर्षांच्या लिखाणात माझा सर्वांत मोठा वाद झाला तो एका चार पानी गोष्टीवरून. गोष्टीत आजोबा वारतात आणि नातू त्यांच्या चष्म्याचं घर दप्तरात घालून शाळेत जातो. एक प्रकाशक म्हणाले, "आजोबांना गावी पाठवा की! मारता कशाला?" मी ऐकलं नाही, गोष्ट दुसरीकडे छापली. त्यामागचं कारण याच शाळेतलं आहे.

सातवीत बाई दर शनिवारी शेवटच्या तासाला आपल्याला 'श्यामची आई' वाचून दाखवायच्या. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यांची आई गेली १९१७ साली. म्हणजे सोळा वर्षं त्यांनी ते मनात वागवलं. आई जाते तिथे आल्यावर बाईंचा आवाज फुटेना. एरवी वर्ग डोक्यावर घेणारे मागच्या बाकावरचे वीर माना खाली घालून बसले होते. (नावं घेत नाही, समोरच बसलेत.) आपण बारा वर्षांचे होतो. त्या ऐकण्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. मी मात्र घरी जाऊन दुपारभर आईच्या मागे मागे फिरत राहिले.

दुसरी हकिगत लांबची आहे. रवींद्रनाथ ठाकूरांचा धाकटा मुलगा शमी १९०७ साली कॉलऱ्यानं गेला. पुढे चारेक वर्षांनी त्यांनी 'डाकघर' लिहिलं. त्यातल्या आजारी अमलला वैद्यानं घराबाहेर पडायला बंदी केली आहे. तो खिडकीत बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी गप्पा मारतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. हे नाटक १८ जुलै १९४२ रोजी पोलंडमध्ये, वॉर्साच्या ज्यू वस्तीतल्या अनाथाश्रमात मुलांनी केलं. आश्रम चालवणारे यानुश कोरचाक पेशानं डॉक्टर, शिवाय मुलांचे लेखक. स्वतःचं मूल नाही, पण सुमारे दोनशे मुलांचे बाप. नाझींनी वस्तीभोवती भिंत घातली होती. आत उपासमार आणि टायफसची साथ. नाटकानंतर तीन आठवड्यांच्या आत त्यांना मुलांसह ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं. एकट्यानं सुटण्याची संधी त्यांना होती. ती त्यांनी नाकारली.

मी मात्र अडखळते ती नाटकाच्या निवडीपाशी. रस्त्यावर रोज माणसं मरत असताना त्यांनी मुलांना हसवणारा फार्स का दिला नाही? मला वाटतं, मुलं सगळं पाहतच होती. त्यांनी ते एकट्यानं पाहू नये, एवढंच मोठ्यांच्या हातात होतं.

माझे वडील गेले तेव्हा माझा मुलगा पाच वर्षांचा होता. नातेवाइकांनी त्याला सांगितलं, आबा देवाघरी गेले. तो म्हणाला, "मग तिथं त्यांना वाटी कोण देणार?" रोज रात्री आबा कवळी काढायचे, तेव्हा पाण्याची वाटी आणून देणं हे त्याचं काम होतं. मी त्याला जवळ घेऊन सरळ सांगितलं, आबा मेले, आता त्यांना वाटी लागणार नाही, ते परत येणार नाहीत. तो खूप रडला, मग जेवला. ती वाटी मात्र बरेच दिवस त्यानं कुणाला वापरू दिली नाही.

मागच्या वर्षी आई गेली. आता माझं लहानपण पाहिलेलं घरात कुणी नाही. मी परकर-पोलक्यात कशी दिसायचे, कशाला भ्यायचे, हे मुलाला मीच सांगायचं आणि त्यानं माझ्यावर विश्वास ठेवायचा! आज फाटकात शिरले आणि तिघांनी एकदम हाक मारली, "ए घारगे!" डब्यात रोज भोपळ्याचे घारगे आणायचे, म्हणून पडलेलं नाव. बासष्टाव्या वर्षी असं कुणी चिडवलं तर राग यायला हवा. नाही आला.

आपल्या तुकडीतले सातजण आज नाहीत. त्यांची नातवंडं कुठे कुठे वाढताहेत. आपले आजी-आजोबा दहाव्या वर्षी कसे होते, हे त्यांना सांगणार कोण? स्मरणिकेत या सातजणांसाठी पानं राखून ठेवायला संयोजकांनी होकार दिला आहे. थोरवी नको, खरं लिहा. कोण चिंचेवरून पडलं, कुणाची पाटी कुणी फोडली. जेवणानंतर मी वही घेऊन व्हरांड्यात बसते आहे. शाळेची घंटा दहा मिनिटं आधी कुणी वाजवली होती, तेही आता सांगायला हरकत नाही. हेडसरांनी मघाशीच मला विचारलं.