उघड्या पोलादाची गाडी



आज ज्या कामाविषयी बोलणार आहे, ते जगात फार थोड्या कारागिरांच्या वाट्याला येतं. डिलोरियन नावाची गाडी उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला लागून असलेल्या डनमरी इथं १९८१ ते १९८२ या काळात तयार झाली. सगळ्या मिळून सुमारे ९,००० गाड्या. अंगावर रंग नाही, नुसतं स्टेनलेस स्टील. तरीही त्यांतल्या काही गाड्या पुढं मालकांनी, विक्रेत्यांनी रंगवून घेतल्या. आज अशी गाडी हाती आलेल्या माणसाला तो रंग उतरवायचा असतो. पत्रे सोडवायचे, रंग काढायचा आणि खालचं पोलाद उजेडात आणायचं. सांगायला एवढंच, पण डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात मुरलेल्या हाताला इथं बऱ्याच सवयी सोडाव्या लागतात.

१९८५ चा ‘बॅक टू द फ्यूचर’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातली पंखांसारखी दारं वर उघडणारी गाडी ती हीच. जनरल मोटर्स सोडून बाहेर पडलेल्या जॉन डिलोरियन यांनी ब्रिटिश सरकारच्या मदतीवर कारखाना उभा केला. गाडीचं रूप इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारो यांचं, आतली यंत्ररचना कॉलिन चॅपमन यांच्या लोटसनं बसवलेली. १९८२ च्या फेब्रुवारीतच कंपनीचा कारभार सरकारनं नेमलेल्या प्रशासकांकडे गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिलोरियन यांना अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली आणि १९८४ मध्ये न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. ही कहाणी मोठी आहे, पण आपलं काम गाडीच्या पत्र्याशी आहे.

हा पत्रा गाडीचं वजन पेलत नाही, हे आधी ध्यानात घ्या. तळाशी साध्या पोलादाची चौकट आहे, तिच्यावर इपॉक्सीचा लेप. चौकटीवर फायबरग्लासचं अख्खं अंग बसवलेलं आहे आणि त्या अंगावर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे स्टेनलेसचे पत्रे. धातू ३०४ जातीचा, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. आपल्या घरातली बरी भांडीही याच धातूची असतात. क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर धरतो. काही नॅनोमीटरचाच, डोळ्यांना न दिसणारा. ओरखडा पडला तरी तो आपला आपण पुन्हा धरतो. साध्या पोलादाला गंजापासून वाचवायला रंग लावतात. इथं ती राखण धातू स्वतःच करतो.

असा प्रयोग डिलोरियन यांच्या आधीही झाला होता. पिट्सबर्गच्या अ‍ॅलेघेनी लुडलम या पोलाद कंपनीनं फोर्डबरोबर १९३६ मध्ये काही सेडान गाड्या स्टेनलेसच्या केल्या, १९६० मध्ये दोन थंडरबर्ड आणि १९६० च्या दशकात काही लिंकन कॉन्टिनेंटल. त्या जाहिरातीपुरत्याच राहिल्या. हा धातू दाबताना कडक होत जातो आणि साच्यांवर भारी पडतो. डिलोरियननं मात्र तो रोजच्या उत्पादनात आणला.

एखाद्या मालकाला अशी गाडी रंगवावीशी का वाटली असेल? काहींना लाल किंवा काळी गाडी हवी होती. पण पुष्कळदा कारण वेगळं असतं. कुठंतरी टक्कर झाली, पत्रा चेपला आणि सरळ करणाऱ्याला स्टेनलेसची जात माहीत नव्हती. साधा पत्रा ठोकून, पुट्टी भरून, घासून, वर रंग मारला की चेपलेलं कुणाला दिसत नाही. बिनरंगी गाडीत पुट्टीला जागाच नाही. म्हणून पुट्टी भरली की रंग आलाच, आणि एका मडगार्डला रंग आला की बाकीची गाडीही रंगवावी लागली. अशी गाडी समोर आली की रंगाच्या छटेपेक्षा त्याखाली काय दडलंय, याची मला जास्त काळजी वाटते.

आणि ते आधी कळणं अवघड असतं. साध्या गाडीवर आपला डेंटर लोहचुंबक फिरवतो. जिथं चुंबक धरत नाही तिथं पुट्टी. ३०४ जातीच्या पत्र्याला चुंबक बहुतेक धरतच नाही. दाबकामानं कडक झालेल्या कडांना जरासं ओढतो, इतकंच. रंगाची जाडी मोजण्याचं चुंबकीय तत्त्वावरचं यंत्रही इथं चालत नाही. एडी करंटवर चालणारं यंत्र लागतं. ते नसेल तर बोटांच्या पेरांवर आणि तिरप्या उजेडावर भिस्त ठेवायची. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावरून सरकवत न्यावं. ते जिथं लहरतं, तिथं खडूनं खूण करून ठेवावी.

पत्रे काढायचे ते रंग उतरवण्याच्या रसायनापायी. हे रसायन स्टेनलेसला काही करत नाही, पण फायबरग्लासमधलं रेझिन मऊ करतं. पुढचे-मागचे बंपर पॉलियुरेथेनचे आहेत, कारखान्यातूनच पोलादाशी जुळता रंग देऊन आलेले, त्यांनाही ते खातं. म्हणून पुढची मडगार्डं आणि बॉनेट सुटी करून टेबलावर घ्यावीत. मडगार्डाचे काही बोल्ट बॉनेट उघडल्यावर कडेच्या खोबणीत दिसतात, काही खाली, चाकामागे. चाळीस वर्षांचे गंजलेले बोल्ट जोर लावून फिरवले, तर फायबरमधली नटाची बैठकच उखडते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल घालून ठेवावं, आणि पाना पुढं सरकेना तर मागं फिरवून पाहावा. बोल्टाखाली पातळ वॉशर किंवा पट्ट्या निघाल्या तर त्या जागेचं नाव लिहून वेगवेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. दारं आणि मडगार्डं यांच्यामधल्या फटी या वॉशर-पट्ट्यांच्याच आधारानं सारख्या केलेल्या असतात.

छतावरचा पत्रा चिकटवलेला आहे, त्याच्या वाटेला जाऊ नये. दारंही मी जागेवरच ठेवायला सांगेन. दार वर उचलून धरणारे टॉर्शन बार ग्रुमन या विमान कंपनीनं द्रवरूप नायट्रोजनच्या गारठ्यात पीळ देऊन तयार केले होते. त्यांच्यात साठलेला जोर माणसाला जायबंदी करण्याइतका आहे. त्या कामाचं हत्यार आणि माहिती नसताना त्यांना हात लावू नये. रबर, काच, कुलूप नीट झाकून दाराचा रंग जागेवरच उतरवावा.

सुटा भाग म्हणून ही मडगार्डं आता सहज मिळत नाहीत, विशेषतः डाव्या बाजूचं पुढचं मडगार्ड. कंपनी बुडाल्यावर पत्रे दाबण्याचे साचे भंगारात गेले. त्यांतले काही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मासे पाळण्याच्या जाळ्यांना वजन म्हणून समुद्रात बुडवले गेले. पत्रा बिघडला तर नवा आणू, ही सोय इथं नाही.

रंग उतरवणाऱ्या जुन्या स्ट्रिपरमध्ये मिथिलीन क्लोराइड असे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि बंद खोल्यांत काम करणारी माणसं त्यानं दगावली आहेत. अमेरिकेत २०१९ पासून घरगुती ग्राहकांना ते विकायला बंदी आहे. बेंझाइल अल्कोहोलचं स्ट्रिपर सावकाश काम करतं, पण मी तेच घ्यायला सांगेन. ब्रशनं एकाच दिशेला जाड थर द्यावा, वर प्लास्टिकचा कागद पसरावा आणि ते वाळू देऊ नये. काही वेळानं रंग सुरकुततो, फुगून पत्रा सोडतो. मग प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचं, लोखंडी पट्टी हातात घ्यायची नाही. आधी वरचा चकचकीत थर येतो, मग रंग, मग करडा प्रायमर. स्टेनलेसवर रंगाची पकड मुळात कमजोर, त्यामुळं बऱ्याच ठिकाणी साल सोलावी तसा रंग निघतो. जिथं अडून बसतो, तिथं बहुधा रंगाऱ्यानं पकड यावी म्हणून खरखरीत कागदानं पत्रा घासलेला असतो. तिथं जोर न लावता दुसरा थर द्यावा.

सँडब्लास्टिंगचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. एवढा पातळ पत्रा माऱ्यानं ताणला जातो आणि वाकतो, आणि मारा पोलादी कणांचा असेल तर ते कण स्टेनलेसमध्ये रुतून बसतात. लोखंडी काथ्यानं घासलं तरी हेच होतं. पहिल्या पावसात तांबडे ठिपके उठतात आणि मालक म्हणतो, स्टेनलेस गंजलं. गंजलेला असतो तो बाहेरून आलेला लोखंडाचा कण. लोखंड राहिलंय का, हे मोरचुदानं कळतं. मोरचुदाच्या सौम्य, किंचित आम्ल द्रावणाचा बोळा पत्र्यावर फिरवला की जिथं मोकळं लोखंड आहे तिथं काही मिनिटांत तांब्याचा गुलाबी थर धरतो. तो पुसून काढावा, सायट्रिक आम्लानं पत्रा धुवावा आणि भरपूर पाण्यानं स्वच्छ करावा. क्लोरिनवाले क्लीनर आणि मिठाचं आम्ल कटाक्षानं दूर ठेवावं. क्लोराइड ऑक्साइडचा थर भेदतं आणि बारीक खड्डे पाडतं.

रंग गेला की खाली ओरखडे दिसतात, आडवे-उभे, गोल फिरवलेल्या ग्राइंडरचे. कारखान्यातून निघालेल्या पत्र्यावर समांतर रेषा असतात, पुढून मागं जाणाऱ्या. कुठल्या पत्र्यावर त्या नेमक्या कशा वळतात, हे कुणी न छेडलेल्या गाडीवरून आधी पाहून घ्यावं. मग लांब पट्टीला गुंडाळलेला घासणीचा तुकडा घेऊन, एकाच दाबानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत हात न उचलता ओढायचा. मधेच थांबलात तर तिथं डाग दिसतो. मशीनवर केलं तर रेषा कंस होऊन बसतात आणि ऊन पडलं की उठून दिसतात. साध्या गाडीत कारागिराचा हात रंगाखाली झाकला जातो. इथं शेवटचा हात कुठं ओढला ते दहा पावलांवरून कळतं, आणि हे काम मला प्रिय आहे ते याचमुळं.

राहिला चेपलेल्या भागाचा प्रश्न. पुट्टी निघाल्यावर मागून ठोकून पत्रा सरळ करता येतो, पण हा धातू हातोडीच्या दर घावाला कडक होतो आणि परत उसळतो. हलक्या हातानं, थोडं-थोडं ठोकावं लागतं. कुणी खेचण्यासाठी छिद्रं पाडली असतील, तर टिग वेल्डिंगनं ती भरता येतात. मात्र उष्णतेनं भोवतीचा पत्रा आखडतो आणि तो पुन्हा समतल करायला मूळ कामापेक्षा जास्त वेळ लागतो. अर्ध्या मिलिमीटरचा खोलगट भाग उरला, तर मी तो राहू द्यायला सांगतो. तो काढायच्या नादात पत्रा ताणला गेला, की मग पुट्टी आणि रंग हे दोनच मार्ग शिल्लक राहतात, आणि ज्यातून गाडी बाहेर काढायला निघालो त्यातच ती परत जाते.