भ्यूंडार खोऱ्यातल्या दोन वाटा



मे महिन्यात हिमालयावरचं व्याख्यान का ठेवलं असेल, ते या सभागृहातला उकाडा पाहून लक्षात आलं. तुमच्यातल्या काही जणांनी जुलै-ऑगस्टची हरिद्वारची तिकिटं काढलेलीही असतील. ऋषिकेश, जोशीमठ, गोविंदघाट, घांघरिया, मग एक दिवस फुलांच्या खोऱ्याचा, एक दिवस हेमकुंडचा आणि सवड असली तर परतताना बद्रीनाथ, हा क्रम आता महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांच्या पत्रकांमुळे आपल्याला पाठ झाला आहे. आज मी फुलांची यादी वाचणार नाही, ती तुमच्या मोबाइलमध्ये असतेच. मला बोलायचं आहे ते पायांखालच्या वाटेबद्दल. ही वाट कोणी पाडली, आज ती कोण राखतं, आणि तिच्यावरून कोणी जायचं हे कोण ठरवतं?

भूगोल थोडक्यात सांगतो. बद्रीनाथच्या रस्त्यावर गोविंदघाटला लक्ष्मणगंगा अलकनंदेला मिळते. उंची साधारण अठराशे मीटर. तिथून लक्ष्मणगंगेच्या काठाने भ्यूंडार खोऱ्यात वर निघालं की पुलना, मग भ्यूंडार गाव, आणि तीन हजार मीटरच्या थोडं वर घांघरिया. पूर्वी हे सगळं चालावं लागे. आता पुलन्यापर्यंत जीप जाते. घांघरियाच्या पुढे वाट फुटते. उजवीकडची हेमकुंडच्या सरोवराकडे चढते, सहा किलोमीटरमध्ये हजार मीटरहून जास्त. डावीकडची पुष्पावती नदी ओलांडून, भूर्जांच्या रानातून, फुलांच्या खोऱ्यात शिरते. उजवीकडे खेचरं, पालख्या, पाठीवर माणूस घेऊन चढणारे कंडीवाले, मुखाने ‘वाहे गुरू’ आणि अटलाकोटीच्या हिमनाळेपाशी गरम चहा. डावीकडे खेचरांना बंदी, मुक्कामाला बंदी, चहाची टपरीही नाही. एकाच खोऱ्यातल्या या दोन वाटा दोन वेगळ्या कायद्यांखाली चालतात म्हणा ना.

डावीकडची वाट आधी घेऊ, कारण तिची कहाणी आपण चुकीची सांगत आलो आहोत. 1931 साली फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन, होल्ड्सवर्थ वगैरे गिर्यारोहक मंडळी कामेट शिखर सर करून परतत होती. 7,756 मीटरचं कामेट हे तोवर माणसाने गाठलेलं सगळ्यांत उंच शिखर. ही मंडळी भ्यूंडारची खिंड ओलांडून, पावसाधुक्यातून खाली उतरली ती थेट फुलांत. होल्ड्सवर्थला वनस्पतींची चांगली जाण होती, त्यामुळे त्याची तर दिवाळीच झाली असणार. 1937 मध्ये स्माइथ पुन्हा आला, बिया-कंद गोळा केले, आणि पुढच्या वर्षी ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे पुस्तक काढलं. तेव्हापासून ‘स्माइथने खोऱ्याचा शोध लावला’ असं आपण बिनदिक्कत लिहितो. मला हे वाक्य फार खटकतं. त्या खोऱ्यात उन्हाळ्यात मेंढरं चरायला येत. खालच्या गावांचे लोक वर यायचे, दगडी आडोसे करून राहायचे, पाऊस ओसरला की उतरायचे. वर जायची वाट त्यांच्या आणि त्यांच्या जनावरांच्या पायांनी पडलेली होती. स्माइथच्या पुस्तकाने खोऱ्याला नाव आणि कीर्ती दिली, हे खरंच मोठं काम आहे. पण वाट त्याने पाडली नाही.

1939 मध्ये जोन मार्गारेट लेग ही इंग्रज वनस्पती-अभ्यासक इथे आली. फुलं गोळा करताना कड्यावरून घसरून ती गेली. खोऱ्यातच तिची समाधी आहे, नंतर तिच्या बहिणीने तिथे शिळा बसवली. त्या शिळेपर्यंत बरेच पर्यटक जातात आणि तिथूनच परत फिरतात. पुढे टिपरा हिमनदीकडे खोरं आणखी उघडत जातं, तिकडे फारसं कोणी जात नाही. त्याच दिवशी वन खात्याच्या चौकीवर परत हजेरी द्यायची असते, हे त्याचं साधं कारण.

आता वादाचा मुद्दा. 1982 मध्ये हे खोरं राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्र 87.5 चौरस किलोमीटर. चराई बंद झाली. 2005 मध्ये नंदादेवीच्या जोडीने ते युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. चराई बंद झाल्यावर काही वर्षांनी पॉलिगोनम नावाची माणसाच्या उंचीची झुडुपासारखी वनस्पती खोऱ्याच्या काही भागांत फोफावलेली दिसली. काही अभ्यासक म्हणाले, पाहा, मेंढरं गेली आणि दांडगट रोपांना रान मोकळं मिळालं. दुसरे अभ्यासक चंद्रप्रकाश काला यांनी वर्षानुवर्षं तिथे राहून पाहणी केली. पाचशेहून अधिक सपुष्प जाती नोंदवल्या आणि बंदीची बाजू उचलून धरली. पॉलिगोनम मुख्यतः दरडी-हिमलोटांनी उकरलेल्या आणि पूर्वी कळप बसत अशा जागी माजतो, असं त्या बाजूचं म्हणणं. दोन्हीकडे निरीक्षणं आहेत. वन खातं मात्र दर पावसाळ्यात माणसं लावून पॉलिगोनम उपटतं. म्हणजे ‘निसर्ग आपोआप राहू द्या’ म्हणून बंद केलेल्या खोऱ्यात माणसाचे हात लागतातच. फक्त मेंढपाळाऐवजी रोजंदारीचे. कासच्या पठारावर चराई आणि कुंपण यांवरून आपल्याकडे झालेले वाद आठवा. प्रश्न फार वेगळा नाही. माझं मत विचाराल तर सरसकट चराई परत आणू नये, पण ज्यांनी ते गवत पिढ्यान् पिढ्या ओळखलं त्यांना निर्णयाच्या बैठकीत खुर्ची हवी. बंदी घालताना ती दिली गेली असं मला दिसत नाही.

आणि हे लोक रानाच्या बाबतीत बेफिकीर होते म्हणावं, तर पुलन्याची गोष्ट आड येते. चिपको आंदोलन म्हटलं की आपल्याला 1974 चं रेणी आणि गौरादेवी आठवतात. ते शेजारच्या धौली नदीच्या खोऱ्यात. 1978 मध्ये इथे पुलन्याच्या बायकांनी झाडं तोडायला आलेल्यांची हत्यारं काढून घेतली, आणि बदल्यात पावत्या दिल्या! रान सोडून जा, पावती दाखवा, कुऱ्हाड परत घ्या. मी चळवळींबद्दल बरंच वाचलं आहे, पण इतकी चोख, इतकी बिनतोड कारवाई क्वचितच पाहिली. उद्यान व्हायच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. तिची पाटी मात्र तुम्हाला वाटेवर दिसणार नाही, स्माइथचं नाव दिसेल.

आता उजवीकडची वाट. ‘बचित्तर नाटक’ या रचनेत गुरू गोविंदसिंगांच्या पूर्वजन्मीच्या तपाचं ठिकाण हेमकुंट म्हणून येतं, सात शिखरांच्या सान्निध्यातलं. ज्या गुरूंची देह ठेवण्याची जागा आपल्या नांदेडला, गोदाकाठी, त्यांच्या तपाची जागा म्हणून शीख भाविक या सरोवराकडे पाहतात. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात संत सोहनसिंग हे ठिकाण शोधत निघाले. पांडुकेश्वरच्या परिसरात त्यांना कळलं की इथले लोक वर एका तळ्यावर स्नानाला जातात, त्याला लोकपाल म्हणतात, काठी लक्ष्मणाचं स्थान आहे. गावकऱ्यांच्या मागोमाग ते गेले आणि वर्णन जुळलं. 1936 च्या सुमारास काठावर एक छोटी खोली उभी राहिली. आजचा तारकाकृती गुरुद्वारा नंतरचा, लष्करातल्या अभियंत्यांच्या कल्पनेतला. हिवाळ्यात छपरावर टनावारी बर्फ बसतं, छपराचा उतार त्यासाठी. दर मेमध्ये जवान घांघरियाच्या वर बर्फ कापून वाट मोकळी करतात, तेव्हा यात्रा सुरू होते. तिथेही जुनी पायवाट आधीच होती, आणि लक्ष्मणाचं मंदिर व गुरुद्वारा आजही एकाच पाण्याच्या काठी आहेत. ब्रह्मकमळं दोघांच्याही वाटेवर फुलतात.

2013 च्या जूनमध्ये लक्ष्मणगंगेने भ्यूंडार गाव जवळजवळ पुसून टाकलं. वाटेचे तुकडे गेले, पूल गेले, काही ठिकाणी वाट नव्याने काढावी लागली. त्यात याच खोऱ्यातले लोकही राबले. यात्रेच्या वाटेवरचं प्लॅस्टिक आणि खेचरांची लीद उचलण्याची व्यवस्थाही घांघरियाच्या स्थानिक समितीने उभी केली, तेव्हाच ती वाट नाक न दाबता चालण्याजोगी झाली.

मार्च 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोविंदघाट ते हेमकुंड या 12.4 किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली. खर्च सुमारे 2,730 कोटी रुपये, क्षमता दिवसाला अकरा हजार माणसं. त्याच महिन्यात दरड कोसळून गोविंदघाटचा पूल पडला, हा योगायोग मी फक्त नोंदवून ठेवतो. ज्यांचे गुडघे चालत नाहीत, ज्यांचा श्वास पुरत नाही, अशा भाविकाला दर्शन मिळू नये असं मी म्हणणार नाही. म्हातारी माणसं कंडीत बसून, दोरीला घट्ट धरून वर जातात, त्यात कंडीवाल्याच्या पाठीचे हाल होतात हेही मला दिसतं. पण हिशेब मांडा. आज हेमकुंडला मुक्कामाची सोय नाही, दुपारनंतर सगळ्यांना उतरवतात, कारण चार हजार मीटरच्या वर हवा विरळ असते. आजवर गर्दी आवरण्याचं काम चढाने केलं. चढ काढून घेतला की ते काम कोणाकडे जाणार? पुलन्याचे खेचरवाले, वाटेवरचे दुकानदार, घांघरियाची समिती यांचं काय होणार? या प्रश्नांची उत्तरं प्रकल्पाच्या कागदावर रोजगाराच्या एका ओळीत संपतात. मेंढपाळांच्या वेळीही असंच झालं होतं.

तिकिटं काढलेल्यांसाठी आता कामाचं थोडं. हेमकुंडला पहाटेच निघा, दुपारी ढग भरतात. फुलांच्या खोऱ्यात गुलाबी तेरडा ऑगस्टमध्ये, निळा पॉपी शोधायला जुलैच बरा. पुलन्याला जीपमधून उतरल्यावर लगेच चालू लागू नका. गावातलाच वाटाड्या घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. आणि वाटेत त्याला विचारा, तुझी आजी 1978 मध्ये कुठे होती.