लष्करी अळी आणि आपला मका



आज आपण एका पाखराविषयी बोलणार आहोत. पाखरू लहान आहे. पंख पसरले तर दीड इंच भरेल. रंग मातकट. दिवसा ते पानाआड बसून राहते आणि रात्री उडते. त्याला पान कुरतडता येत नाही. फुलातला रस पिऊन ते जगते. तरी या पाखरापायी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शेतकऱ्यांची झोप उडाली आहे. कारण या पाखराची अळी आपला मका खाते. तिला आपण लष्करी अळी म्हणतो.

आपल्याकडे मका कणसापुरता नाही. मका म्हणजे वैरण. मका म्हणजे मुरघास. दारात दोन संकरित गाई असल्या, की रानात थोडा तरी मका लागतोच. मका गाईला, दूध डेअरीला, आणि दुधाचा पगार घरखर्चाला, असे हे चाक फिरते. मका गेला तर वैरण विकत आणावी लागते. मग दुधाचा पगार हाती येतो आणि तसाच वैरणवाल्याकडे जातो. म्हणून ही अळी नुसती रानात शिरत नाही. ती आपल्या घरखर्चात शिरते.

अळीचे कूळ

रात्री दिव्याभोवती पाखरे जमतात. त्यांतली पुष्कळ एका मोठ्या कुळातली असतात. त्याला निशाचर पतंगांचे कूळ म्हणू या. जगात या कुळाच्या अकरा हजारांहून अधिक जाती आहेत. त्या सगळ्या वाईट नाहीत. बहुतेक जातींचा आपल्या पिकांना काही उपद्रव नाही. काही पाखरे तर फुलाफुलांवर बसून परागकण पोहोचवतात. पण थोड्या जाती शेतकऱ्याच्या वैरी आहेत. हरभऱ्याच्या घाट्यात डोके खुपसून बसणारी घाटेअळी याच कुळातली. रोपे रात्री जमिनीलगत कुरतडणारी अळी याच कुळातली. ज्वारी, मका, ऊस यांच्या खोडात शिरणारी गुलाबी अळीही याच कुळातली.

आपल्या वाडवडिलांनाही एक लष्करी अळी ठाऊक होती. ती झुंडीने एका रानातून दुसऱ्या रानात जाते. म्हणून तिला लष्करी नाव पडले. आज मक्यावर दिसते ती तिची परदेशी बहीण. तिचे मूळ घर अमेरिका खंडात. २०१६ साली ती आफ्रिकेत आढळली. २०१८ च्या मे महिन्यात ती कर्नाटकात शिवमोगा भागात मक्यावर आढळली. त्याच वर्षी ती आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मक्यावर आणि सांगली जिल्ह्यात उसावर दिसली. तेव्हापासून ती इथेच आहे.

उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ पडते. त्या थंडीत ही अळी मरते. दरवर्षी तिथे पाखरांना दक्षिणेच्या उबदार भागातून पुन्हा वर यावे लागते. आपल्याकडे बर्फ नाही. कालव्याचे आणि विहिरीचे पाणी आहे, आणि बाराही महिने कुठे ना कुठे मका उभा आहे. अळीला बारा महिने जेवण मिळाल्यावर ती जाईल कशाला?

एका महिन्याचा फेरा

आम्ही शाळेत मुलांना शिकवत होतो, की पाखराचे चार जन्म असतात. अंडे, अळी, कोष आणि पाखरू. हा धडा पुस्तकातला खरा, पण तो शेतकऱ्याच्या कामाचा आहे.

मादी पानावर अंड्यांचा पुंजका घालते. एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी असतात. त्यावर मऊ लव असते, जणू कापसाचा बोळा चिकटला आहे. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. अळी दोन ते तीन आठवडे खाते. मग जमिनीत दोन-तीन इंच खाली जाऊन कोष करते. आठ-दहा दिवसांनी कोषातून पाखरू निघते. उन्हाळ्याच्या दिवसांत हा सगळा फेरा साधारण एका महिन्यात पुरा होतो.

आता थोडे गणित करू. एक मादी सगळी मिळून हजारभर अंडी घालते. त्यांतली ९०० वाया गेली असे धरा. उरली १००. त्यांत निम्म्या माद्या, म्हणजे ५०. त्या ५० माद्या पुढच्या महिन्यात ५० हजार अंडी घालतील. आज एक पुंजका बोटाने चिरडला, तर किती काम वाचले ते तुम्हीच बघा.

अळी कशी ओळखावी?

अळी लहान असते तेव्हा पानाचा हिरवा भाग खरवडून खाते. पानावर पांढरे, कागदासारखे पापुद्रे दिसतात. मग ती पोंग्यात शिरते. पोंग्यातले पान उलगडले की त्यावर एका ओळीत भोके दिसतात. अळी मोठी झाली की पाने फाटल्यासारखी होतात. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा साचते.

अळी हातात घेऊन नीट पाहा. बेचके उलटे धरावे, तशी पांढरी खूण तिच्या डोक्यावर असते. शेपटीजवळ चार काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. या दोन खुणा दिसल्या, की तीच ही.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अळी जन्मभर जेवढे खाते, त्यातले बहुतेक ती शेवटच्या काही दिवसांतच खाते. म्हणजे लहानपणी ती दिसत नाही आणि नुकसानही थोडे करते. मोठेपणी ती दिसते, पण तोवर पोंगा भुशाने बुजलेला असतो. फवारलेले पाणी आत पोहोचत नाही. पैसे जातात आणि अळी राहते. म्हणून मका उगवल्यापासून पहिला महिना आठवड्यातून दोनदा रानात फेरी मारावी. पाच जागी थांबावे. प्रत्येक जागी २० झाडे पाहावीत. म्हणजे १०० झाडे झाली. किती झाडांवर खुणा आहेत ते वहीत लिहावे.

हे काम मायबहिणींना चांगले जमेल. खुरपणीला बहुधा त्याच जातात. त्यांची नजर झाडाच्या बुडापासून शेंड्यापर्यंत फिरते. घरधन्याने त्यांना विचारावे आणि त्या सांगतील ते ऐकावे.

काय करावे?

पहिला उपाय हाताचा. अंड्यांचे पुंजके आणि लहान अळ्या चिरडाव्यात.

दुसरा उपाय वाळूचा. ९ भाग कोरडी वाळू आणि १ भाग चुना मिसळावा. पहिल्या महिन्यात चिमूटभर पोंग्यात टाकावा. चुन्याला उघडा हात लावू नये.

तिसरा उपाय निंबोळीचा. १०० झाडांत ५ झाडांवर खुणा दिसल्या की निंबोळी अर्क फवारावा. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटाव्यात. त्या रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवाव्यात. सकाळी फडक्याने गाळून घ्यावे. त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि एकूण १०० लिटर पाणी करावे. उन्हाळ्याच्या शेवटी निंबोळ्या झाडाखाली पडून वाया जातात. त्या गोळा करून सावलीत वाळवून ठेवल्या, तर वर्षभर पुरतील.

एकरी ५ कामगंध सापळे लावावेत. त्यात मादीचा वास असतो. त्या वासाने नर येऊन अडकतात. हा सापळा म्हणजे पहारेकरी. पाखरू गावात आले की तो सांगतो. पण नुसत्या पहारेकऱ्यावर विसंबून झोपू नये.

पावसाळ्यात कधी एखादी अळी पांढरी, कडक होऊन पानाला चिकटलेली दिसते. ती बुरशीच्या रोगाने मेलेली असते. तिला तशीच राहू द्यावी. तिच्यापासून हा रोग दुसऱ्या अळ्यांना लागतो. पक्षी, मुंग्या, कोळी आणि गांधीलमाश्या हेही आपले फुकटचे गडी आहेत. घाईने जहाल फवारणी केली, की आधी तेच मरतात.

औषध नव्हे, विष

आपण फवारणीच्या बाटलीला औषध म्हणतो. हा शब्द फसवा आहे. औषध माणसाला वाचवते. या बाटलीत विष असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली. त्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती कर्ती माणसे होती. त्यांची घरे उघडी पडली.

बाटलीवर एक रंगीत खूण असते. तांबडी खूण म्हणजे सर्वांत जहाल. त्याखालोखाल पिवळी, मग निळी, मग हिरवी. फवारणीनंतर पीक किती दिवस तोडू नये, तेही कागदावर लिहिलेले असते. वैरणीच्या मक्याला हे फार महत्त्वाचे. आज फवारले आणि उद्या कापून गव्हाणीत टाकले, तर ते विष गाईच्या पोटात जाणार. मग ते दुधात यायची भीती. ते दूध आपलीच लेकरे पितात. तुम्हाला आता वाचता येऊ लागले आहे. अक्षरे बारीक असतील तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. पण वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

१०० पैकी १० झाडांवर खुणा असतील, तर कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याला विचारावे. बारामतीजवळ शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथेही सल्ला मिळतो. दुकानदार म्हणतो म्हणून दोन-तीन विषे एकत्र करू नयेत. आणि मक्याला तुरा आल्यावर विषारी फवारणी करू नये. तेव्हा तिचा खर्चही निघत नाही.

एकट्याचे काम नव्हे

हे पाखरू वाऱ्याबरोबर एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकते. म्हणजे बारामती ते पुणे. त्याला बांध ठाऊक नाही आणि भाऊबंदकीही ठाऊक नाही. मी माझे रान राखले आणि शेजाऱ्याने सोडून दिले, तर माझी मेहनत वाया गेली.

म्हणून शिवारातला मका पंधरा दिवसांच्या आत पेरून व्हावा. तुम्ही म्हणाल, गुरुजी, गाईला रोज हिरवे लागते, मग मका थोडा थोडा पेरावाच लागतो. ही अडचण खरी आहे. तिला मुरघास हा उपाय आहे. मका एकदम पेरावा. दाणा चिकात आला की एकदम कापावा. कुट्टी करून खड्ड्यात किंवा पिशवीत हवा न राहील अशी दाबावी. साधारण दीड महिन्यात मुरघास तयार होतो आणि पुढे कित्येक महिने पुरतो. मग वर्षातले काही दिवस शिवारात मका उभा नसला तरी गाय उपाशी राहणार नाही. उपाशी राहील ती अळी. पीक निघाल्यावर रान खोल नांगरावे. कोष वर येतात. उन्हाने मरतात, पक्षी टिपतात.

गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. येत्या पेरणीआधी गावच्या बैठकीत हा विषय काढा. पेरणीचे दिवस ठरवा. पाळीपाळीने रान पाहणारी माणसे नेमा. एक वही ठेवा. तिच्यात तारीख, रानाचे नाव आणि १०० झाडांत किती झाडांवर खुणा, एवढेच लिहा. एवढे लिहायला तुम्ही शिकला आहात. उद्यापासून ते लिहिणे रानाच्या कामी लावा.