गारव्याबरोबर श्वासही हवा



वैशाखात पारा 45 अंशांपलीकडे गेला की दुपारी दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, हे अकोलेकरांना सांगावे लागत नाही. परंतु बंद खोलीत गारवा आला, म्हणजे ताजी हवा आली असे नव्हे. भिंतीवरचे नेहमीचे वातानुकूलन यंत्र बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करते. आपल्या शहरात प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीसाठी गावोगावची मुले येतात. अशा बंद वर्गात शंभर मुले बसली, तर उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड साचत जातो. डोके जड होते, डोळे पेंगू लागतात. आपण दोष मात्र मुलांच्या आळसाला देतो!

जुन्या वऱ्हाडी घरांना हे गणित ठाऊक होते. मातीच्या जाड भिंती ऊन थोपवीत आणि झरोके तापलेल्या हवेला वाट देत. 2018 च्या ‘इको निवास संहिते’नेही उष्ण-शुष्क प्रदेशातील घरांत उघडता येणाऱ्या दारे-खिडक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान 10 टक्के असावे, असे सांगितले आहे. आता तर बाहेर जाणाऱ्या गार हवेच्या साहाय्याने आत येणारी ताजी हवा निववणारी यंत्रेही आहेत. त्यांमुळे ताज्या हवेसाठी वीज उधळावी लागत नाही.

यंत्र परवडेपर्यंत उत्तररात्री व पहाटे घर उघडे ठेवावे. कुलर चालू असताना समोरची खिडकी किलकिली असावी. वर्गाची दारे दर तासाला उघडावीत. आणि पालकांनी शिकवणी निवडताना निकालाबरोबर खिडक्याही मोजाव्यात.